पायलट व्हायचंय: आधी डिग्री, एनडीए की थेट सीपीएल?

प्रश्न साताऱ्याच्या एका मुलीचा आहे, बारावी सायन्सला आहे ती. थोडक्यात असा: "ताई, मला एअरलाइनमध्ये पायलट व्हायचं आहे. बाबा म्हणतात आधी इंजिनिअरिंग कर, हातात डिग्री असू दे. मग शेत गहाण टाकू पण तुला उडायला पाठवू. मामा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, ते म्हणतात एनडीए दे, हवाई दलात ट्रेनिंग फुकट आणि पक्कं. मला वाटतं बारावी झाल्या झाल्या सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, लागावं. एअरलाइनवाले डिग्रीला आणि फौजेला खरंच किती किंमत देतात? मला दोन्ही डोळ्यांना मायनस दीडचा चष्मा आहे."

तुझ्या घरात तिघं तीन वेगवेगळ्या काळज्यांबद्दल बोलतायत, म्हणून वाद मिटत नाही. बाबांची काळजी आहे, पोरीला उद्या उडता आलं नाही तर ती खाणार काय. मामांची काळजी आहे, शिकवणारा कसा मिळेल आणि पैसा कुठून येईल. तुझ्या डोक्यात एकच आहे, लवकरात लवकर कॉकपिटमध्ये कसं बसायचं. तिन्ही रास्त आहेत. पण डिग्री बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, फौज फार तर मामांच्या निम्म्या प्रश्नाचं, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर या दोन्हींत नाही. मी २००५ पासून एअरलाइनमध्ये आहे, एअरबसचं ए-३२० विमान उडवते, २०१६ पासून इन्स्ट्रक्टर आहे. स्वतः सिव्हिल मार्गाने आले. हवाई दलातून आलेल्या बऱ्याच जणांबरोबर उडाले, काहींना सिम्युलेटरवर शिकवलंही. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी नियम काय म्हणतो ते बघ, कारण त्यावरूनच बरेच गैरसमज आहेत. आपल्याकडे सीपीएल देते डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्यासाठी वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास वन मेडिकल, आणि लॉगबुकमध्ये २०० तास. त्यातले १०० तास तू स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून उडवलेले हवेत. एक लांबची क्रॉस-कंट्री, किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीची टेकऑफ-लँडिंग वेगळी. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे पेपर, पासिंग ७० टक्क्यांना. पुढे कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल, म्हणजे त्याच्या वरचं लायसन्स, लागतं: वय २१ आणि १५०० तास. या सगळ्यात डिग्री कुठेच नाही. माझ्या आधीच्या पिढीतले कॅप्टन तर दहावी पास होऊन या धंद्यात आले. बारावी फिजिक्स-मॅथ्सची अट नव्वदच्या दशकाच्या मध्यात आली. आजच्या मोठ्या कंपन्यांच्या कॅडेट योजनाही (यात एअरलाइन आधीच निवड करून प्रशिक्षणाला पाठवते) बारावीचेच मार्क मागतात.

निवडीच्या वेळी काय होतं? लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक चाचण्या, ग्रुप टास्क, बहुतेक ठिकाणी सिम्युलेटर, आणि मुलाखत. मी मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला काही वेळा बसले आहे. समोरच्या फॉर्मवर शिक्षणाचा रकाना असतो, त्यावर नजर जाते आणि पुढे सरकते. आयआयटीचा मुलगा असेल तर एखादा म्हणतो, "अरे वा." त्यापलीकडे त्याला त्या खोलीत त्याचा फायदा झालेला मी पाहिला नाही. आम्ही बघतो ते वेगळंच. प्रश्न नीट ऐकून घेते का? येत नसेल तर "येत नाही" म्हणते का? सिम्युलेटरमध्ये एक गोष्ट बिघडली की बाकी सगळं सोडून तिच्याच मागे लागते का?

आणि गणिताचं म्हणशील, तर बाबांना हे जरूर सांग. रोजच्या उड्डाणात इंजिनिअरिंगचं गणित लागत नाही, लागतं ते पाढ्यांचं. ३५,००० फुटांवरून उतरायचं तर ३५ गुणिले ३, म्हणजे साधारण १०५ मैल आधी खाली निघायचं. जमिनीवरचा वेग १४० नॉट असेल, तर त्याची पाचपट, म्हणजे मिनिटाला ७०० फूट उतरलं की तीन अंशांच्या उतारावर आपण राहतो. मागून वारा असेल तर पुन्हा हिशेब. हे सगळं कंट्रोलरशी बोलता बोलता, ढगात, हादरे बसत असताना करायचं. माझ्या आजोबांनी लहानपणी पावकी, निमकी, दिडकी पाठ करून घेतली होती. तेव्हा कंटाळा यायचा. आज उतरण्याचा हिशेब करताना तीच कामाला येते.

मग डिग्री कशाला? आता मी माझंच सांगते, कारण या बाबतीत मी चुकले होते.

मी २००२ मध्ये सीपीएल घेतलं. बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली होती, तिसरं सोडून दिलं. लायसन्स हातात आलं, आता डिग्री कशाला, असा विचार होता. तेव्हा अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जगभर एअरलाइन्स आक्रसल्या होत्या. आपल्याकडे भरती जवळजवळ नव्हतीच. दोन-अडीच वर्षं पुण्यात फिजिक्सच्या ट्यूशन घेतल्या. लायसन्स चालू ठेवायला तास लागतात, तास विकत घ्यायला पैसे लागतात, म्हणून महिन्याची कमाई महिन्यात संपायची. मग स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या, एकदम पायलट हवे झाले, आणि २००५ मध्ये मी लागले. २०११ मध्ये कॅप्टन झाले. डिग्रीचा विचार डोक्यातून पुसला गेला होता.

२०१४ मध्ये पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. मेडिकल बोर्डाने "टेम्पररी अनफिट" लिहिलं. आपलं मेडिकल दरवर्षी नव्याने द्यावं लागतं, साठीनंतर दर सहा महिन्यांनी, आणि त्या एका कागदावर सगळं उभं असतं. तो कागद नसेल तर सहा हजार तासांचं लॉगबुक कपाटात ठेवायचं. अकरा महिने मी जमिनीवर होते. उड्डाण भत्ता बंद झाला. पायलटच्या पगारातला मोठा वाटा तोच असतो. गृहकर्ज चालू होतं. मला फ्लाइट सेफ्टी विभागात काम करायचं होतं. विमानातल्या रेकॉर्डरचा डेटा तपासायचा, कुठे चुका होतायत ते शोधायचं, अहवाल लिहायचे. काम मला येत होतं, विभागालाही माणूस हवा होता. मनुष्यबळ खात्याने अर्ज परत पाठवला: किमान पात्रता, पदवीधर. मी भांडले. सहा हजार तास उडालेल्या कॅप्टनला विमानाचा डेटा वाचता येत नाही का, असं विचारलं. समोरची बाई भली होती. म्हणाली, "मॅडम, मला कळतंय, पण सिस्टीम तुमचा अर्ज पुढेच नेत नाही." मी घरी येऊन रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्या वर्षी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं आणि बत्तिसाव्या वर्षी, पोराला मांडीवर घेऊन, पहिल्या वर्षाच्या परीक्षेचा अभ्यास केला. पुढे फिट झाले, उडायलाही लागले, पण डिग्री पूर्ण केली.

माझ्यापुरता हा मेडिकलचा प्रश्न होता. इतरांवर कंपनीच बंद पडायची वेळ आली. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, एप्रिल २०१९ मध्ये जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. २०२० मध्ये मार्चअखेरीपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणंच थांबली होती. प्रत्येक वेळी चांगले, हुशार पायलट घरी बसले. त्यांतल्या ज्यांच्याकडे दुसरं काही शिकलेलं होतं ते त्या काळात काहीतरी करू शकले. उरलेले फोनकडे बघत बसले. तुझ्या बाबांना हे चित्र दिसतंय, आणि ते बरोबर बघतायत. परदेशात स्थायिक व्हायचं म्हटलं तरी बऱ्याच देशांच्या व्हिसाच्या हिशेबात पदवीचे गुण असतात. कंपनीच्या आतही चीफ पायलट, ट्रेनिंग किंवा सेफ्टीचा प्रमुख अशा खुर्च्यांकडे जायचं तर पदवी विचारली जाते.

पण म्हणून आधी चार वर्षं इंजिनिअरिंग? माझं मत: नको, जर तुला खरोखर इंजिनिअरिंगची ओढ नसेल तर. एअरलाइनमध्ये सीनिऑरिटी चालते, आणि ती रुजू झालेल्या तारखेवर ठरते. कोणत्या शहरात पोस्टिंग, दिवाळीची सुट्टी कुणाला, कमांडचा, म्हणजे कॅप्टन होण्याचा, नंबर कधी, सगळं त्या यादीवर. कॅप्टनने कितीही छान उडवलं तरी यादी बदलत नाही, आणि ६५ ला निवृत्ती ठरलेली. चार वर्षं उशिरा आलीस तर ती चार वर्षं शेवटच्या टोकाची, सगळ्यात जास्त पगाराची जातात. त्याहून मोठं म्हणजे भरतीची लाट. ती येते आणि जाते, आणि लाट आली तेव्हा लायसन्स हातात असणं हे निम्मं नशीब. मी अडीच वर्षं ट्यूशन घेतल्या, पण २००५ मध्ये कंपन्या पायलट शोधत होत्या तेव्हा माझं लायसन्स चालू होतं, म्हणून मी इथे आहे.

त्यामुळे बाबांना म्हण, डिग्री करणार, पण उडण्याबरोबर करणार. मुक्त विद्यापीठ, इग्नू, कुठूनही. फ्लाइंग स्कूलमध्ये पाऊस, धुकं, विमान दुरुस्तीला, इन्स्ट्रक्टर रजेवर अशा कारणांनी इतके दिवस रिकामे जातात की एक डिग्री त्यात सहज बसते. मुलं ते दिवस मोबाईलवर घालवतात.

एका गोष्टीत मात्र माझं मत बऱ्याच सहकाऱ्यांपेक्षा वेगळं आहे. हल्ली पुष्कळ ठिकाणी सीपीएलबरोबर बी.एस्सी. एव्हिएशन मिळते. फुरसतगंजच्या इंदिरा गांधी उडाण अकादमीत आहे, आपल्याकडेही आहे. अभ्यासक्रम वाईट नाही, आणि बराचसा तसाही तुला करावाच लागतो, म्हणून सोयीचा आहे. पण डिग्री आपण कोणत्या दिवसासाठी करतोय? विमानं उभी राहतील त्या दिवसासाठी. त्या दिवशी एव्हिएशनचीच डिग्री घेऊन तू कोणाच्या दारात जाणार? मी असते तर कॉमर्स, संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर घेतलं असतं. विमानाच्या रेकॉर्डरमधून रोज ढीगभर आकडे येतात, ते वाचता येणारी माणसं सेफ्टी विभागाला कायम हवी असतात, आणि तीच विद्या बँकेतही चालते. शिवाय मन लावून शिक. नुसता शिक्का मारून आणलेल्या डिग्रीचा मला तरी कधी कुणाला उपयोग झालेला दिसला नाही.

इंटरनेटवर तू अमेरिकन व्हिडिओ बघत असशील, त्यात डिग्रीबद्दल फार जोरात बोलतात, म्हणून तिकडचंही सांगते. तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतर, पुढे कोरिया आणि व्हिएतनामनंतर, हजारो फौजी पायलट एअरलाइन्सच्या दारात उभे राहिले. जागा कमी, अर्ज जास्त, तेव्हा चाळणी म्हणून चार वर्षांची डिग्री मागायला लागले. फौजी अधिकाऱ्याकडे ती बहुधा असायचीच. विमान उडवण्याशी तिचा तेवढाच संबंध. पायलट कमी पडायला लागले तशी चाळणी सैल झाली. जानेवारी २०२२ मध्ये डेल्टानेही डिग्रीची सक्ती काढून टाकली.

पण अमेरिकेने एक मजेशीर गोष्ट केली, डिग्री आणि फौज यांची किंमत चक्क तासांत मांडली. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरच्या ३४०७ क्रमांकाच्या उड्डाणाचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही १५०० तासांची अट आली. त्यात सवलती अशा: फौजी पायलटला ७५०, एव्हिएशनची चार वर्षांची मान्यताप्राप्त डिग्री असेल तर १०००, दोन वर्षांची असेल तर १२५०. म्हणजे त्यांच्या हिशेबात फौजेचं प्रशिक्षण साडेसातशे तासांच्या मोलाचं आणि डिग्री पाचशेच्या. आता यातली खरी गोम बघ. कोलगनच्या त्या दोन्ही पायलटांकडे दीड हजारांहून जास्त तास होते. विमानाचा वेग कमी होत गेला, दोघांच्या लक्षात आलं नाही. स्टॉलची, म्हणजे पंखांचा आधार सुटत असल्याची, सूचना आली तेव्हा कॅप्टनने नाक खाली न घेता वर ओढलं. दोघंही दमलेली होती. तासांची अट त्या रात्री तिथे असती तरी ते दोघं त्याच खुर्च्यांत बसले असते. तुला कुणी नुसता आकडा सांगितला तर हे आठव.

आता मामांकडे येते. आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर तुझं वर्ष वाया जाईल. तू चष्म्याचं शेवटी सहज लिहिलंयस, पण मामांच्या योजनेत तोच पहिला मुद्दा आहे. एनडीएतून हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेला मायोपिया, म्हणजे मायनस नंबर, चालत नाही. उंचीही किमान १६२.५ सेंटीमीटर लागते. सिव्हिल मेडिकलला मात्र चष्मा चालतो, नंबर मर्यादेत हवा आणि चष्म्याने नजर पूर्ण हवी. मी स्वतः २०१८ पासून चष्मा लावून उडवते. तेव्हा फ्लाइंगसाठी एनडीए हा रस्ता तुझ्यापुरता जवळजवळ बंद आहे, आणि हे मामांना आजच सांगितलेलं बरं.

तरीही मामांच्या म्हणण्याचं उत्तर द्यायला हवं, कारण चष्मा नसलेल्या किती तरी मुली हे वाचतील. २०२२ पासून खडकवासल्याला मुलींना प्रवेश आहे, त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. एनडीएची तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत उडणं. डिग्री ओघात मिळते. निवडीतली पायलट अॅप्टिट्यूडची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिथे नापास झालं की फ्लाइंग शाखेचं दार कायमचं बंद. पुढेही जो वेळेत शिकत नाही त्याला फ्लाइंगमधून काढून दुसऱ्या शाखेत पाठवतात. सिव्हिलमध्ये तसं नाही. पैसे भरत राहिलात तर एखादं स्कूल चाळीस तासांत सोलो न गेलेल्या, म्हणजे एकट्याने न उडालेल्या, मुलालाही आणखी तास विकत राहतं. त्याला कुणीतरी वेळेवर "हे तुझं काम नाही" म्हणायला हवं असतं, ते म्हणत नाही. फौजेच्या प्रशिक्षणाची निम्मी ताकद या नकारात आहे असं मला वाटतं.

उरलेली निम्मी ताकद मी एका विंग कमांडरकडून शिकले. चाळिशीतला माणूस, आयुष्य फायटरवर गेलेलं, आमच्याकडे ए-३२० च्या टाइप रेटिंगला, म्हणजे त्या खास विमानाच्या प्रशिक्षणाला, आला होता. शेजारी को-पायलट म्हणून २३ वर्षांचा नवा मुलगा. मी सिम्युलेटरवर टेकऑफनंतर उजव्या इंजिनला आग दिली. एअरबसची पद्धत अशी की पहिले ४०० फूट काही छेडायचं नाही, फक्त विमान सांभाळायचं. नंतर एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने स्क्रीनवरची एकेक ओळ वाचून कृती करायची. थ्रस्ट लिव्हर, इंजिन मास्टर आणि फायर बटन या तिन्हींवर हात ठेवून आधी "कन्फर्म?" विचारायचं. दुसऱ्याने डोळ्यांनी बघून होकार दिला की मगच हलवायचं. विंग कमांडरांनी काय केलं? विमान इतकं सुरेख धरलं की मी बघत राहिले, आणि त्याच वेळी उजवा हात जाऊन तिन्ही गोष्टी स्वतःच करून टाकल्या. काही सेकंदांत सगळं झालं. इंजिन बरोबर होतं, क्रम बरोबर होता. त्या पोराने मांडीवरचे हात उचललेसुद्धा नाहीत.

वीस वर्षं एकट्याने कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाचं शरीर असंच वागणार. तो दोष नव्हता, तिथे तेच शिकवलेलं असतं. पण एअरलाइनमध्ये याने माणसं मरतात. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून उडालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाचं उजवं इंजिन बिघडलं आणि कॅप्टनने घाईत डावं, चांगलं चाललेलं, बंद केलं. ४३ जण गेले. तो कॅप्टनही हवाई दलातून आलेला होता. "कन्फर्म?" विचारून कुणी दोन सेकंद थांबलं असतं तर डावी-उजवी चूक पकडायला तिथे दुसरे डोळे होते.

आता डीब्रीफचं, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेचं, ऐक. सिव्हिलमधल्या मुलांचं डीब्रीफ मी नेहमी असं बघते: इन्स्ट्रक्टर बोलतो, मुलगा मान हलवतो, मनात सबबी जुळवतो. हा विंग कमांडर खोलीत आला, मार्कर घेतला, फळ्यावर स्वतःच सगळ्या सेशनची वेळेनुसार रेघ मारली आणि आपल्या चुकांवर लाल खुणा केल्या. मला तीन दिसल्या होत्या, त्याने पाच केल्या. मग त्या २३ वर्षांच्या पोराकडे वळला. "तू काय बघितलंस?" पोरगा गप्प. "या खोलीत रँक नसते. मी काय चुकलो ते तू सांग." पोरगा हळूच म्हणाला, "सर, तुम्ही मला विचारलंच नाही." त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग दिला. हात लिव्हरवर गेला, थांबला, "कन्फर्म?" म्हणाला, आणि पोराने बघून होकार देईपर्यंत हलला नाही. फौजेने या माणसाला एकट्याने उडायची सवय लावली होती, पण ती सवय दोन दिवसांत मोडायची रीतही फौजेनेच दिली होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक डीब्रीफला विद्यार्थी आधी बोलतो, मी नंतर.

सगळेच असे निघत नाहीत. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीवरून पुढे जाऊन कोसळलं, २१ जणांचा जीव गेला. कॅप्टन हवाई दलात मोठ्या सन्मानाने काम केलेले, मराठी घरातले. आमच्यातल्या पुष्कळांना त्यांच्याबद्दल आदर होता आणि आहे. चौकशी अहवालात मात्र लिहिलंय की अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणं, स्थिर नव्हतं, को-पायलटने "गो-अराउंड" (लँडिंग सोडून पुन्हा वर चल) म्हटलं होतं, तरी लँडिंग चालू राहिलं आणि विमान निम्मी धावपट्टी ओलांडून टेकलं; आणि को-पायलटने कंट्रोल आपल्याकडे घ्यायला हवे होते, ते घेतले नाहीत. दहा वर्षांपूर्वी, २२ मे २०१० ला, मंगळूरलाही को-पायलटने गो-अराउंड म्हटलेलं होतं. तिथे १५८ जण गेले, आणि तो कॅप्टन आपल्या फौजेतला नव्हता, परदेशी होता. म्हणून मी याला फौजेचा दोष म्हणत नाही. शेजारच्या लहान माणसाचं ऐकायची सवय कुठल्याच मार्गात आपोआप मिळत नाही. ती लावून घ्यावी लागते, आणि को-पायलटला जोरात बोलायची सवयही तशीच लावावी लागते. तुला पहिली पाच-सात वर्षं त्या उजव्या खुर्चीतच काढायची आहेत, तेव्हा हे आत्तापासून लक्षात ठेव.

हडसन नदीत विमान उतरवणारे सुलेनबर्गर अमेरिकन हवाई दलाचे, फॅन्टम फायटर उडवलेले. शेजारचे स्काइल्स सिव्हिल मार्गाने आलेले. १५ जानेवारी २००९ ला एकाने विमान धरलं, दुसऱ्याने इंजिन पुन्हा चालू करायची चेकलिस्ट चालवली. १५५ जण वाचले. आणि आपल्याकडचं बघ: १५ ऑक्टोबर १९३२ ला टाटांची टपाल सेवा सुरू झाली तेव्हा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणलं जे. आर. डी. टाटांनी. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, १९२९ मध्ये काढलेलं लायसन्स होतं. जुहूहून टपाल पुढे मद्रासकडे नेलं नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी, ते ब्रिटिश हवाई दलातून आलेले. पहिल्याच दिवशी दोन्ही मार्गांचे पायलट एका टपालाच्या थैलीवर होते.

मामा "फुकट" म्हणतात तेवढं मात्र मला पटत नाही. सिव्हिल मार्गाला सीपीएल आणि टाइप रेटिंग मिळून पन्नास लाखांच्या पुढे जातात, कॅडेट योजना कोटीच्या घरात. फौजेत हा पैसा लागत नाही, खरं आहे. पण वर्षं द्यावी लागतात. शॉर्ट सर्व्हिसची १४ वर्षं, पर्मनंट कमिशन असेल तर पेन्शनसाठी २०. मध्येच एअरलाइनची जाहिरात आली म्हणून निघता येत नाही. बाहेर आल्यावरही हवाई दलाचे तास मोजले जातात, पण डीजीसीएचं लायसन्स वेगळं काढावं लागतं, आणि सीनिऑरिटीच्या यादीत चाळिसाव्या वर्षी खालून सुरुवात. एअरलाइनच्या नोकरीची पायरी म्हणून जो फौजेत जातो तो तिथेही अर्धा राहतो आणि इथेही. अधिकारी व्हायचं असेल, बदल्या, सीमा, युद्ध, सगळं मनापासून पत्करायचं असेल, तर जरूर जावं. अशा मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची एसपीआय ही एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था आहे, मुलींसाठी नाशिकला आहे. आणखी एक रस्ता फार कमी जणांना माहीत असतो: एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून फ्लाइंग शाखेची वयोमर्यादा २४ आहे, पण डीजीसीएचं चालू सीपीएल असेल तर २६. तिथे पदवी मात्र सक्तीची, ६० टक्क्यांची. उडता उडता केलेली डिग्री इथेही कामाला येते.

तुझ्यासाठी क्रम सांगते. बारावीचा अभ्यास सोडू नकोस, फिजिक्स-मॅथ्सचे मार्क कॅडेट योजनांना लागतात. अठरा पूर्ण झाली की डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून आधी क्लास टू मेडिकल, ते निघालं की क्लास वन. मग डीजीसीएच्या परीक्षांसाठी लागणारा कॉम्प्युटर नंबर काढ आणि मेटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन, रेग्युलेशन्सचे पेपर घरी बसून, स्कूलला एक रुपया देण्याआधी पास हो. पेपर आधी झालेली मुलं स्कूलमध्ये कमी महिन्यांत बाहेर पडतात, आणि प्रत्येक जास्तीचा महिना म्हणजे खोलीभाडं, मेस आणि व्याज. त्याच जून-जुलैत मुक्त विद्यापीठात प्रवेश घे. स्कूल निवडताना ब्रोशर बघू नकोस. तिथे जाऊन दोन दिवस राहा आणि शिकणाऱ्या मुलांची लॉगबुकं बघ, महिन्याला खरे किती तास उडतात ते.

आणि बाबांना माझ्याकडून सांग, क्लास वनचा कागद हातात येईपर्यंत सातबाऱ्याला हात लावू नका. रंग ओळखण्याच्या चाचणीत किंवा ईसीजीत काही निघालं तर ते त्या दिवशी कळेल, आणि शेत तुमचंच राहील. कागद आला की मला कळव, बँकेच्या कर्जाचं आपण तेव्हा बोलू.